कातडी कमावणाऱ्याचा मुलगा : लुई पाश्चर



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत एका फ्रेंच शास्त्रज्ञाचं चरित्र कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर आधीच देतो. मी लहान असताना गावाकडे आमच्या भावकीतल्या एका पोराला पिसाळलेलं कुत्रं चावलं. जखमेत तिखट भरलं, मांत्रिकाकडून उतारा केला, गळ्यात दोरा बांधला. जखम भरून आली, सगळे निर्धास्त झाले. दीड-दोन महिन्यांनी ते पोरगं पाण्याचा तांब्या बघून घाबरायला लागलं. घोट गिळता येईना. वाऱ्याची झुळूक लागली तरी अंग आकसायचं. चार दिवसांत गेलं. त्या वेळी या रोगावरची लस निघून नव्वद वर्षं उलटली होती. लस होती, पण तिची माहिती आमच्या वस्तीपर्यंत पोचली नव्हती. ती लस ज्याने शोधली, त्या माणसाची ही हकीकत आहे.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील जाँ-जोसेफ हे कातडी कमावण्याचा धंदा करीत. तरुणपणी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. पुढे कुटुंब आर्ब्वा या गावी नदीकाठी राहायला आलं. घराच्या अंगणातच कातडी भिजत घालायचे हौद होते. आपल्याकडे या धंद्याला जो विटाळ चिकटवला गेला तसा तिकडे नव्हता, हे खरं. पण घर साधंच होतं, हात राबणारेच होते. वडिलांना स्वतःला फार शिकता आलं नव्हतं, म्हणून मुलाने शिकावं हा त्यांचा ध्यास. ही गोष्ट आपल्या घराघरातली आहे.

लुई काही लहानपणापासून हुशार म्हणून गाजलेला नव्हता. चित्रं मात्र छान काढायचा. पंधराव्या वर्षी शिकायला पॅरिसला पाठवला, तर घरची आठवण अनावर झाली. कातड्याच्या वासासाठीही जीव कासावीस व्हायचा. शेवटी वडील जाऊन त्याला परत घेऊन आले. पुढच्या एका परीक्षेत रसायनशास्त्रात त्याला जेमतेम असा शेरा मिळाला होता. पण पोराने चिकाटी सोडली नाही. पॅरिसच्या नामांकित शिक्षण संस्थेत पहिल्या खेपेला खालचा क्रमांक आला, म्हणून प्रवेश न घेता पुन्हा अभ्यास केला आणि १८४३ साली वरचा क्रमांक मिळवूनच आत गेला.

१८४८ साली, वयाच्या पंचविशीत, स्फटिकांवरच्या कामाने त्यांचं नाव झालं. पुढे दारू, दूध आंबतं कशाने याचा शोध घेतला. हे आंबणं आपोआप होत नाही, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव ते घडवतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेल्या काचेच्या भांड्यात रस उकळून ठेवला, तर तो नासत नाही. मान मोडली की धूळ आत जाते आणि रस नासतो. सजीव हे सजीवापासूनच येतात, प्रत्येक कार्याला कारण असतं, हे यातून सिद्ध झालं. कार्यकारणभाव ही तर तथागतांची शिकवण. आज पिशवीवर पाश्चराईज्ड दूध असं लिहिलेलं असतं, तो शब्द त्यांच्याच नावावरून आला.

घरात मात्र दुःख होतं. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच वारल्या, त्यातल्या दोघी टायफॉईडने. त्यातच ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चर यांना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूत रक्तस्राव होऊन डावी बाजू गेली. अंथरुणावर पडल्या-पडल्याही ते कामाचं टिपण सांगून लिहून घेत होते. पुढे चालायला लागले, पण डावा पाय ओढत, आणि डावा हात कायमचा अधू. एवढं मोठं काम पुढे केलं ते याच शरीराने. प्रयोगातली हातांची कामं सहकारी करीत, त्यात एमिल रू हे मुख्य.

१८८० च्या सुमारास त्यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर आणि मग जनावरांच्या काळपुळीवर लस काढली. १८८१ साली पुई-ल-फोर या गावी पंचवीस शेळ्या-मेंढ्यांना लस टोचली, पंचवीसांना टोचली नाही. मग सर्वांच्या अंगात रोगाचे जंतू सोडले. जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत लस न टोचलेल्या मेंढ्या पटापट मेल्या.

त्यानंतर त्यांनी पिसाळीचा रोग हाती घेतला. ते आठ वर्षांचे असताना, १८३१ साली, आर्ब्वाच्या परिसरात पिसाळलेला लांडगा शिरला होता. चावा घेतलेल्यांना लोहाराकडे नेऊन लाल तापल्या लोखंडाने डागत. तरी कित्येक जण मेलेच. ती आठवण त्यांच्या मनातून गेली नव्हती, असं सांगतात.

हा रोग विचित्र. चावल्यावर काही आठवडे, कधी महिने काहीच होत नाही. कारण विषाणू जखमेतून शिरांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकत असतो. एकदा मेंदूत पोचला की उपाय चालत नाही. लियाँच्या पशुवैद्यक शाळेतले प्राध्यापक गाल्तिए यांनी १८७९ साली हा रोग सशांना देता येतो हे दाखवलं होतं. मोठ्यांच्या नावामागे अशी माणसं झाकली जातात, म्हणून त्यांचं नाव मुद्दाम घेतो. पाश्चर आणि रू यांनी पुढचं पाऊल टाकलं. रोगाचं मूळ ठिकाण मेंदू आहे, तर थेट मेंदूपाशीच जायचं. जनावराला क्लोरोफॉर्म देऊन, कवटीला बारीक भोक पाडून, रोगट मेंदूचा अंश आतल्या पडद्याखाली सोडायचा. मग रोग दोनेक आठवड्यांत हमखास दिसू लागतो. जिवंत कुत्र्याची कवटी कोरायला पाश्चर यांचं मन घेईना. ते नसताना रू यांनी पहिल्यांदा ते केलं, आणि दुसऱ्या दिवशी चालता-फिरता कुत्रा दाखवल्यावर त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

या कामात पुष्कळ मुके जीव गेले. आपण प्राणिमात्रांवर मैत्री भावणारी माणसं, आपल्याला ते टोचतं, आणि टोचावंही. पण त्या काळात दुसरी वाट सापडलेली नव्हती, हेही खरं.

विषाणू त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नव्हता. न दिसणाऱ्या शत्रूशी ही लढाई होती. एका सशातून दुसऱ्या सशात असं करत रोगाची मुदत सात दिवसांवर स्थिर केली. मग मेलेल्या सशाच्या पाठीच्या कण्यातली मज्जा बाटलीत कोरड्या हवेत टांगून ठेवली. ती रोज थोडी निकामी होत गेली आणि दोन आठवड्यांत तिचं विष संपलं. आधी सर्वात जुनी मज्जा टोचायची, मग रोज थोडी ताजी. विषाणू मेंदूत पोचायच्या आत शरीराने ताकद कमवायची, अशी ही शर्यत.

६ जुलै १८८५ रोजी अल्सेस भागातली एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचं नाव जोसेफ माइस्टर. दोन दिवसांपूर्वी कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी चावलं होतं. पाश्चर डॉक्टर नव्हते, त्यांना सुई टोचण्याचा अधिकार नव्हता. दोन डॉक्टरांना विचारून, त्यातल्या ग्रांशे यांच्या हातून टोचणी सुरू झाली. तेरा टोचण्या झाल्या. त्या दिवसांत पाश्चर यांना रात्री झोप नव्हती. पोरगा जगला. पुढे तोच पाश्चर इन्स्टिट्यूटचा दारवान झाला.

सगळेच वाचले नाहीत. दहा वर्षांची लुईझ पेलतिए डोक्याला चावा बसल्यावर सदतीस दिवसांनी आली. उशीर झाला आहे हे ठाऊक असूनही पाश्चर यांनी तिला परत पाठवलं नाही. ती डिसेंबरमध्ये वारली. पण मार्च १८८६ पर्यंत साडेतीनशे लोकांना लस दिली, त्यात दगावली ती एकटीच. रशियातून लांडग्याने फाडलेले एकोणीस जण आले, त्यातले सोळा घरी परतले.

पाश्चर यांना देव करू नका. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या प्रयोगवह्या तपासल्या. त्यात असं निघालं की माइस्टरला दिलेली पद्धत आधी चावा बसलेल्या कुत्र्यांवर पुरती पारखलेली नव्हती. काळपुळीची लस कशी बनवली हेही त्यांनी लोकांना धड सांगितलं नव्हतं. ही उणीव झाकायची नाही. पारखून घ्या, हीच तर आपली धम्मशिकवण.

१८८३ साली दोलच्या घरावर त्यांच्या नावाची पाटी बसवली. त्या वेळी भाषणात त्यांनी आई-वडिलांचं ऋण सांगितलं आणि त्यांना गहिवरून आलं. कातड्याचा धंदा त्यांनी लपवला नाही. १८८८ साली लोकवर्गणीतून पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच संस्थेत काम केलेले हाफकिन १८९६ साली मुंबईत आले. त्यांनी प्लेगची लस बनवून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. गिरणगावातले आपण सगळे तिच्या भिंतीवरून कितीदा गेलो असू.

पोटात चौदा इंजेक्शनांची भीती जुन्या माणसांच्या मनात अजून आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, क्वचित तिच्यानेच लुळेपणा यायचा. आपल्या देशात ती २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात घेतात.

तेव्हा बाबांनो, हे पाठ करा आणि पोरांकडून पाठ करून घ्या. कुत्रं, मांजर, माकड चावलं किंवा ओरखडलं, तर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जा. रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेत टोचायचं सीरमही मागा. डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळे डोस पुरे करा. जखम भरली म्हणून थांबू नका. आमच्या भावकीतल्या पोराचीही जखम भरली होती.

बाबासाहेबांनी आपल्याला प्रज्ञा, शील, करुणा दिली. नुसती करुणा आमच्याही लोकांकडे होती. त्या पोरासाठी सारी भावकी रात्रंदिवस उशाशी बसून होती. कमी पडली ती प्रज्ञा. यापुढे आपल्या वस्तीतलं एकही लेकरू माहितीवाचून जाता कामा नये.

जयभीम! नमो बुद्धाय!