कातळ आणि शिल्पांचे छायाचित्रकार : कॅप्टन लिनियस ट्राइप

दक्षिण भारतातील कातळ, गड आणि मंदिरे छायाचित्रांत पद्धतशीरपणे टिपणाऱ्या आरंभीच्या छायाचित्रकारांमध्ये कॅप्टन लिनियस ट्राइप यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांच्या या कार्याचे केंद्र तेव्हाचे बंगळूर, म्हणजेच आजचे बंगळुरू होते.

ट्राइप यांचा जन्म १८२२ साली इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. तरुणपणीच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाले. १८५० नंतर मायदेशी प्रदीर्घ रजेवर असताना त्यांना छायाचित्रणाची गोडी लागली. १८५४ साली बंगळूरला परतल्यावर त्यांनी स्वखुशीने हळेबीड आणि बेलूर येथील मंदिरांची छायाचित्रे घेतली. पुढील वर्षी मद्रासच्या प्रदर्शनात परीक्षकांनी ती सर्वोत्तम ठरविली. त्याच वर्षी लॉर्ड डलहौसी यांनी ब्रह्मदेशाच्या राजाकडे पाठविलेल्या शिष्टमंडळासोबत त्यांची नियुक्ती झाली. आजारपण आणि पावसाळी हवामान यांना तोंड देत त्यांनी तेथे दोनशेहून अधिक निगेटिव्ह तयार केल्या.

त्या काळी निगेटिव्ह मेण लावलेल्या कागदावर घेतली जात असे. दक्षिणेतील उष्म्यात हा कागद सांभाळणे जिकिरीचे होते. शिवाय आकाश कोरे किंवा डागाळलेले उमटे. त्यावर ट्राइप यांनी निगेटिव्हवर रंगाचा हलका हात फिरवून ढग रंगविण्याचा मार्ग काढला. हे ढग खरे नव्हेत हे ठाऊक असूनही चित्र पाहणाऱ्याची नजर तेथे रेंगाळते.

१८५६ साली मद्रास सरकारने त्यांना सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमले. १८५७ च्या अखेरीस बैलगाड्यांवर साहित्य लादून ते बंगळूरहून निघाले. सेलम जिल्ह्यातील रायकोट्टईचा डोंगरी किल्ला, तिरुचिरापल्लीचा उभा कातळ, मदुराईजवळील हत्तीच्या आकाराचा प्रचंड खडक त्यांनी टिपला. झाडझुडूप जवळजवळ नसलेल्या या उघड्या शिळांच्या चित्रांत ऊन आणि सावली यांखेरीज सांगण्यासारखे फारसे काही नाही. तरीही त्यांच्या संग्रहातील ही चित्रे विशेष परिणामकारक आहेत.

पुढचा मुक्काम तंजावरला होता. बंगळूरहून तंजावरला जाऊन एकोजीराजे भोसले यांनी स्थापिलेले मराठी राज्य, वारसाअभावी, नुकतेच कंपनीने खालसा केले होते. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्यावरील शिलालेख टिपण्यासाठी ट्राइप यांनी कॅमेरा टप्प्याटप्प्याने सरकवत २१ छायाचित्रे घेतली आणि ती जोडून सुमारे १९ फूट लांबीचा पट सिद्ध केला. अभ्यासकांना मूळ अक्षरे घरबसल्या वाचता यावीत हा त्यामागील हेतू होता.

१८५८ साली या दौऱ्याचे छायाचित्रसंग्रह सिद्ध झाले. परंतु १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीवर ताण पडला होता. १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर झालेल्या सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना हा खर्च चैनीचा वाटला आणि काम थांबविण्याचा आदेश निघाला. ट्राइप यांची उमेदीची वर्षे तेथेच संपली. त्यानंतर ते लष्करी सेवेत परतले. १८७० च्या दशकात ब्रह्मदेशातील थोडी छायाचित्रे वगळता त्यांनी हा छंद जवळजवळ सोडून दिला. १९०२ साली डेव्हनपोर्ट येथेच त्यांचे निधन झाले.

२०१४ आणि २०१५ मध्ये वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि लंडन येथील संग्रहालयांत त्यांच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते.