डेव्हीने परत बसवलेला इलेक्ट्रॉन

आमच्या मांडवगण फराट्यात उसाला पालाश द्यायचं म्हटलं की म्युरेट ऑफ पोटॅशची गोणी येते. तिच्यात पोटॅशियम असतं, पण धातूच्या रूपात नाही. हा धातू निसर्गात सुटा सापडतच नाही. असं का, हे मला हम्फ्री डेव्हीच्या आयुष्यातून नीट कळलं.

डेव्ही १७७८ साली इंग्लंडमधल्या पेन्झन्स गावात जन्मला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते लवकर गेले, मागे कर्ज राहिलं. कॉलेज नशिबात नव्हतं. पोरगा एका सर्जनकडे उमेदवारीला लागला आणि पुस्तकं वाचून रसायनशास्त्र शिकला. १८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पोचला.

तिथे त्याने पोटॅशच्या द्रावणातून वीज सोडली, पण निघाले फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे पाणीच फुटलं. मग ६ ऑक्टोबर १८०७ ला त्याने जेमतेम ओलसर पोटॅश घेतलं. विजेने ते वितळलं आणि पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसले. काही तर लगेच पेटले! डेव्ही आनंदाने प्रयोगशाळेत नाचला. थोड्याच दिवसांत त्याने सोडियमही वेगळं केलं. त्यानंतर मात्र तो इतका आजारी पडला की जगेल की नाही अशी भीती होती.

आता यामागचं कारण बघू. पोटॅशियममध्ये १९ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची मांडणी २, ८, ८, १ अशी. सोडियमची २, ८, १ आणि लिथियमची २, १. तिघांच्याही बाहेरच्या कक्षेत एकटाच इलेक्ट्रॉन. या संयुजा इलेक्ट्रॉनवर केंद्रकाची पकड ढिली असते, म्हणून पाणी किंवा हवा भेटली की तो लगेच दिला जातो. गोणीतल्या पोटॅशियमने तो आधीच दिलेला आहे. डेव्हीने विजेच्या जोरावर तो परत बसवला.

गंमत म्हणजे हे त्याला कधीच कळलं नाही. डेव्ही १८२९ मध्ये जिनिव्हात वारला आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये.

तुमच्या फोनच्या बॅटरीत लिथियम आहे. चार्जिंग करताना वीज इलेक्ट्रॉन ग्रॅफाइटच्या बाजूला ढकलते आणि लिथियमचे आयन तिकडे येतात. फोन वापरताना तेच इलेक्ट्रॉन सर्किटमधून परत फिरतात, आणि त्यावर स्क्रीन चालते. डेव्हीने जोर लावून जे केलं, ते आपला चार्जर रोज रात्री करतो.