निर्भीड शिष्य

कादंबरीकार हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ साली खानदेशातील पारोळे येथे झाला. पुढे ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. गणितात त्यांना फारशी गती नव्हती. परंतु वाचनाचा छंद विलक्षण होता. कालिदास, भवभूती, शेक्सपिअर, स्कॉट, डिकन्स ह्यांचे ग्रंथ त्यांनी मन लावून वाचले.

गोपाळ गणेश आगरकर हे त्यांचे गुरू. १८८३ साली त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर प्रसिद्ध केले. गुरूंवर हरिभाऊंची नितांत श्रद्धा होती. मग त्यांच्या ग्रंथातील उणिवा दाखवाव्यात कशा? परंतु विद्यार्थिदशेतील हरिभाऊ डगमगले नाहीत. मूळ नाटक पुढे ठेवून त्यांनी भाषांतर बारकाईने तपासले आणि त्याचे गुणदोष ‘निबंधचंद्रिके’तून ७२ पृष्ठांत मांडले.

ह्यामुळे गुरूंविषयीचा त्यांचा आदर उणावला नाही. आगरकरांचे सुधारणेचे विचार त्यांच्या लेखनात उतरले. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ पत्र काढले. त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ह्या कादंबरीत तरुणपणी वैधव्य आलेल्या यमूची कहाणी त्यांनी सांगितली.

१९१९ साली ते निवर्तले. अफाट वाचन आणि निर्भीड सत्यनिष्ठा हीच त्यांच्या लेखणीची शिदोरी होती.