राजवाड्यातले हद्दपार कवी

वोल्फ्सबुर्ग म्हटलं की आपल्याकडच्या मंडळींना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे फोक्सवॅगन. त्यात चूक काही नाही. हे शहर १९३८ साली त्या कारखान्यासाठीच वसवलं गेलं. पण भारतातून पाहुणे आले की आमची पंचाईत होते. कारखाना पाहून झाला, गाड्यांचं म्युझियम पाहून झालं, आता पुढे काय? यंदा उन्हाळ्यात आई-बाबा आले, तेव्हा आईला राजवाडा बघायचा होता. कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहिलेल्या माणसाला राजवाडा म्हटलं की तलवारी, सिंहासन आणि पेंढा भरलेले वाघच डोळ्यांसमोर येतात. आम्ही त्यांना फालर्सलेबेनच्या वाड्यात घेऊन गेलो.

फालर्सलेबेन हे पूर्वी स्वतंत्र गाव होतं, १९७२ पासून ते वोल्फ्सबुर्गचा भाग आहे. तिथला वाडा सोळाव्या शतकातला. गिफहॉर्नचे ड्यूक फ्रान्झ यांच्या काळात काम सुरू झालं आणि त्यांच्या निधनानंतर त्यांची पत्नी क्लारा हिने १५५१ मध्ये ते पूर्ण करून घेतलं. पुढे ती इथेच राहिली. म्हणजे वाडा अस्सल राजघराण्याचा. पण आतलं संग्रहालय मात्र राजाचं नाही. गावातल्या एका खानावळवाल्याच्या मुलाचं आहे, आणि या मुलाला राजेलोकांनी आयुष्यभर एका गावातून दुसऱ्या गावात हाकललं. जर्मनीचं राष्ट्रगीत लिहिणारे हॉफमान फॉन फालर्सलेबेन ते हेच.

ऑगस्ट हाइनरिश हॉफमान यांचा जन्म २ एप्रिल १७९८ चा. जर्मनी नावाचा देश तेव्हा नव्हताच. छोटीमोठी संस्थानं होती, प्रत्येकाचा राजा वेगळा, जकातनाका वेगळा. आपल्याकडच्या संस्थानी मुलखाची आठवण यावी अशी परिस्थिती. हे गाव हानोफरच्या राज्यात होतं आणि तिथले राज्यकर्ते होते इंग्लंडचे तिसरे जॉर्ज! मग नेपोलियनचा भाऊ जेरोम राजा झाला, तो गेल्यावर पुन्हा हानोफर. पंधरा-सोळा वर्षांचं होईपर्यंत या मुलाने गाव न सोडता राज्यं बदलताना पाहिली.

नावातल्या 'फॉन'मुळे ते सरदार घराण्यातले वाटतात. पण हॉफमान आडनावाचे लोक पैशाला पासरी, म्हणून त्यांनी ओळखीसाठी गावाचं नाव स्वतःच जोडून घेतलं. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, म्हणजे हे आपले फालर्सलेबेनकर की! खरंच आहे. गाव सोडलेल्या माणसानेच गावाचं नाव लावायचं, ही रीत आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

तरुणपणी त्यांना ग्रीस आणि इटलीचे प्राचीन अवशेष अभ्यासायचे होते. १८१८ मध्ये कासेलला याकोब ग्रिम भेटले, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरले. त्यांनी या तरुणाला स्वतःची मायभूमी जास्त जवळची नाही का, असं विचारलं आणि गाडी रूळ बदलून धावू लागली. हॉफमान जुनी हस्तलिखितं, लोकगीतं शोधत ग्रंथालयं पालथी घालू लागले. फ्रान्समधल्या व्हालान्सिएन इथे १८३७ मध्ये त्यांनी नवव्या शतकातलं एक हरवलेलं जर्मन काव्य शोधून काढलं. ब्रेस्लाऊच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या विद्यापीठात ते आधी ग्रंथपाल आणि मग भाषेचे प्राध्यापक झाले. पक्की सरकारी नोकरी, मान, पेन्शन, सगळं होतं.

ते सगळं कवितांनी घालवलं. १८४० आणि १८४१ मध्ये त्यांनी दोन भागांत एक संग्रह काढला आणि त्याला नाव दिलं 'अराजकीय गीतं'. नाव वाचूनच कळावं की आत राजकारण ठासून भरलंय. सेन्सॉरशिप, पोलीस, उमराव, संस्थानांच्या सीमा, सगळ्यांची त्यात टिंगल होती. पुस्तक धडाधड खपलं. प्रशियाच्या सरकारने १८४२ च्या अखेरीस त्यांना नोकरीवरून काढलं, पेन्शनही दिली नाही. पुढच्याच वर्षी नागरिकत्वही काढून घेतलं.

राष्ट्रगीत लिहिलं गेलं ते याच गडबडीत, २६ ऑगस्ट १८४१ ला, हेल्गोलांड बेटावर. ते बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. म्हणजे नसलेल्या देशाचं गीत परक्या भूमीवर जन्माला आलं. हाम्बुर्गचे प्रकाशक कांपे यांनी त्याचे चार सोन्याचे लुईदोर मोजले. चाल मात्र आधीच तयार होती. संगीतकार हायडन यांनी १७९७ मध्ये ती ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या गौरवासाठी बांधली होती. सम्राटाच्या चालीवर हॉफमान यांनी एकता, न्याय आणि स्वातंत्र्य मागितलं. या सगळ्या वाड्यात मला सर्वांत राजेशाही वस्तू वाटली ती ही चाल, आणि ती काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

पुढची सहा-सात वर्षं त्यांनी मित्रांच्या घरी काढली. कुठे राहायला गेले की पोलीस दारात हजर. एकूण ३९ वेळा त्यांना वेगवेगळ्या ठिकाणांहून हद्दपार केलं गेलं. त्यातल्या तीन वेळा तर खुद्द फालर्सलेबेनमधून, ज्या गावाचं नाव ते लावत होते तिथून! शेवटी मेक्लेनबुर्गमधल्या होल्डॉर्फ या खेड्यातल्या एका जमीनदार मित्राने त्यांना आपल्या इस्टेटीवर रहिवासाचा हक्क मिळवून दिला. अमेरिकेला जायचा विचारही मनात येऊन गेला. टेक्सासला निघालेल्या मित्रासाठी त्यांनी गाणं लिहिलं, टेक्सासवर अख्खा गीतसंग्रह काढला. स्वतः मात्र गेले नाहीत.

१८४८ च्या क्रांतीनंतर थोडी माफी मिळाली, अर्धवट पगार मिळाला, पण प्राध्यापकी परत मिळाली नाही. १८४९ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपली तरुण भाची ईडा हिच्याशी लग्न केलं. १८६० मध्ये कोर्वाय इथे राटिबोरच्या ड्यूकच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली आणि एकदाचं कायमचं छप्पर मिळालं. त्याच वर्षी ईडा गेली. १९ जानेवारी १८७४ ला हॉफमान कोर्वायलाच वारले आणि तिच्या शेजारी विसावले. त्याआधी तीन वर्षं जर्मनी एक झाला होता, पण त्यांच्या गीताला राष्ट्रगीताचा मान मिळायला १९२२ साल उजाडलं. नाझींनी त्याचं पहिलं कडवं आपल्या कामाला जुंपलं, म्हणून आज फक्त तिसरं कडवं गातात.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. फ्रेंचांबद्दल आणि ज्यूंबद्दल त्यांनी काही द्वेषाच्या ओळीही लिहिल्यात, त्या आज वाचवत नाहीत. पण याच माणसाने मुलांसाठी जवळजवळ साडेपाचशे गाणी लिहिली. मधमाशी, कोकीळ आणि गाढवाची स्पर्धा, वसंतात परतलेले पक्षी. आमच्या लेकीला किंडरगार्टनमध्ये शिकवलेली निम्मी गाणी या बाबांची निघाली. आईला जर्मन येत नाही, तरी नातीमुळे मधमाशीचं गाणं तिला पाठ झालंय.

मी हे सगळं इतक्या आस्थेनं वाचलं त्याला एक कारण आहे. २०२४ पासून इथे पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. जर्मनीची दोन पासपोर्टना हरकत नाही, पण भारताचा कायदा ते चालू देत नाही. त्यामुळे घरात गेलं वर्षभर चर्चा चालू आहे. बायको म्हणते, ओसीआय कार्ड मिळेल, कामाचं बघ. बाबा काहीच म्हणत नाहीत. नागरिकत्वाच्या परीक्षेच्या प्रश्नसंचात राष्ट्रगीतावरचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर मला आता झोपेतही देता येईल. देश कागदाने ठरतो की गावाच्या नावाने, या प्रश्नाला मात्र चार पर्याय दिलेले नसतात. हॉफमान यांचा कागद राजाने हिसकावून घेतला, माझा मला स्वतःच्या हाताने काउंटरवर ठेवायचा आहे. फरक मोठा आहे, याची जाणीव आहे. तरी त्यांनी नागरिकत्व गेल्यावरही गावाचं नाव टाकलं नाही, याचा मला धीर वाटतो. आडनावातलं आमचं गाव तर कुठल्याच पासपोर्टवरून जाणार नाही.

तुमचे कुणी वोल्फ्सबुर्गला असतील, तर पुढच्या वेळी त्यांना गाड्यांच्या म्युझियमनंतर फालर्सलेबेनला न्यायला सांगा. वाड्यामागे तळं आहे, शेजारी जुनं ब्रूहाउस आहे. तलवारी आणि वाघांची अपेक्षा तेवढी ठेवू नका.