अखंड सुधारणेचा ध्यास : साकिची टोयोडा

जपानमधील आजच्या कोसाइ शहरात समाविष्ट झालेल्या एका खेड्यात १४ फेब्रुवारी १८६७ रोजी साकिची टोयोडा यांचा जन्म झाला. वडील सुतारकाम करीत. परिसरातील घरोघरी स्त्रिया हातमागावर कापड विणीत. त्यांचे कष्ट पाहून मागात सुधारणा करण्याचा ध्यास या सुतारपुत्राने घेतला. १८९० मध्ये टोकियोतील औद्योगिक प्रदर्शनात तो दिवसेंदिवस यंत्रे न्याहाळत राहिला.

त्याच वर्षी साकिचींचा पहिला लाकडी माग सिद्ध झाला. एका हाताने फणी पुढे-मागे करताच धोटा आपोआप धावू लागे. एवढ्याशा बदलाने विणकराचे उत्पादन सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढले. १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. परंतु साकिचींचे समाधान झाले नाही.

१८९६ मध्ये त्यांनी लाकूड व लोखंड यांचा यंत्रमाग घडविला. त्यात एक अनोखी सोय होती. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. वरवर पाहता थांबणे म्हणजे वेळेचा अपव्यय. वस्तुतः सदोष कापड विणले जाणेच त्यामुळे टळले. प्रत्येक मागावर नजर ठेवून उभे राहण्याची गरज उरली नाही. एकच कामगार अनेक माग सांभाळू लागला.

ही वाटचाल सुखाची नव्हती. विक्री घटल्यामुळे १९१० मध्ये त्यांना स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. अमेरिका व युरोपातील कारखाने पाहून ते परतले आणि त्यांनी नागोया येथे स्वतःची गिरणी उभारली. गिरणी हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. प्रत्यक्ष विणकामात दिसलेला दोष शोधायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा माग चालवून पाहायचा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुत्र किइचिरो यांची साथ लाभली आणि १९२४ मध्ये वेग कमी न करता धोटा बदलणारा स्वयंचलित माग पूर्ण झाला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क १ लाख पौंडांना घेण्याचा करार केला. यंत्रमागाच्या मायभूमीनेच जपानी सुताराच्या मुलाचे कर्तृत्व मान्य केले! पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९३० रोजी साकिची निवर्तले.

किइचिरो यांनी मोटारनिर्मिती हाती घेतली व १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. दोष दिसताच काम थांबवून त्याचे मूळ शोधण्याचे मागाचे तत्त्व तेथेही रुजले. १९५१ पासून कामगारांच्या छोट्या-छोट्या सूचना रीतसर मागविल्या जाऊ लागल्या आणि सुधारणा हे प्रत्येकाचे दैनंदिन कर्तव्य ठरले.

साकिचींच्या यशामागे एखादा चमत्कार नव्हता; कालच्या कामातील उणीव आज दूर करण्याची चिकाटी होती. विद्यार्थ्याच्या वहीतील चुकीची खूण हाही डाग नव्हे. क्षणभर थांबून उद्याची प्रगती सुरू करण्याची ती जागा आहे. ही दृष्टी घराघरांत रुजली, तर शिक्षणाचे सार्थक होईल.