टेकडीवरचे बालमंदिर

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली महालात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला आणि १९०६ साली ते साऱ्या राज्याला लागू झाले, हे बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून आजही अभिमानाने सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. आत गेल्यावर ते मूल हसते की भेदरते, याची चौकशी कायद्याने कशी करावी? ही चौकशी ज्याने जन्मभर केली तो गृहस्थ योगायोगाने अमरेलीच्याच परिसरातला. चित्तळ गावी १५ नोव्हेंबर १८८५ रोजी जन्मलेले गिरिजाशंकर भगवानजी बधेका पुढे गिजुभाई या नावाने ओळखले जाऊ लागले.

गिजुभाई मूळचे शिक्षक नव्हेत. भावनगरच्या शामळदास कॉलेजात काही काळ शिकून ते १९०७ साली पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेले, दोन वर्षांनी परतले, मुंबईस कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाणला वकिली करू लागले. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. छडी, घोकंपट्टी आणि पंतोजींचा धाक हे त्या काळच्या शाळेचे रूप. आपण ज्या शाळेतून गेलो तिथेच या पोराला पाठवायचे काय, हा प्रश्न त्यांना सोडीना.

त्याचे उत्तर शोधीत ते वसो येथे मोतीभाई अमीन यांच्याकडे गेले. वसो हे तेव्हा बडोदे राज्यातले गाव, आणि राज्याच्या ग्रंथालय चळवळीमुळे मोतीभाईंचे नाव आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे. त्यांनी गिजुभाईंना इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांच्या विचारांची ओळख करून दिली. लहान मूल हाताने, डोळ्याने, स्पर्शाने शिकते, त्याला काम निवडू द्यावे, मोठ्यांनी मध्ये पडू नये, हे त्यात वाचून वकीलसाहेबांना आपली वाट सापडली.

१९१६ साली वकिली सोडून ते भावनगरास नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. प्रारंभी मोठ्या मुलांना शिकविले. पण मोठ्या मुलांच्या सवयी आधीच मुरलेल्या असतात. काम करायचे तर पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या मुलांपासून, असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० साली बालमंदिर सुरू झाले, आणि दोन वर्षांनी तख्तेश्वराजवळच्या टेकडीवर त्याची स्वतंत्र वास्तू कस्तुरबा गांधींच्या हस्ते उघडली गेली.

गिजुभाईंचे मोठेपण माँटेसरी पद्धत आणण्यात आहे, त्याहून अधिक ती आंधळेपणाने न आणण्यात आहे. परीकथा फार लहान मुलांना सांगू नयेत, असे माँटेसरीबाईंचे मत होते. गिजुभाईंनी काठेवाडी आजीच्या तोंडच्या गोष्टी, चिऊकाऊंच्या गोष्टी, बालगीते, माती, बाग, नाटक हे सारे बालमंदिरात आणले. ते स्वतः मुलांत मिसळून नाटकात सोंगे घेत. छडी नाही, बक्षीस नाही, परीक्षेची चढाओढ नाही. लोकांनी त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, अशी पदवी देऊन टाकली. ती थट्टेची नव्हे, प्रेमाची होती.

‘दिवास्वप्न’ या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकातला मास्तर पहिल्या दिवशी वर्गाला शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि पुरता फजीत होतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगतो, आणि सारा वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. पद्धत कितीही चांगली असो, समोरच्या मुलाला ती मानवते की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर वाचावे लागते.

या कामात त्यांना तोलामोलाची जोड मिळाली ती एका मराठी बाईंची. ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून १९२३ साली भावनगरास आल्या. दोघांच्या पुढाकाराने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर हे काम नेले. महाराष्ट्रातल्या बालवाड्यांचे मूळ शोधू जाता वाट अशी भावनगरास पोचते.

संगीत शिकविताना मलाही हाच अनुभव येतो. ज्या मुलाने अंगणात पावले टाकीत, टाळ्या वाजवीत सोळा मात्रा खेळून घेतल्या, त्याला त्रिताल समजावून सांगावा लागत नाही. ज्याला सम चुकल्याबद्दल आधी ओरडा बसला, त्याचा गळा पुढे वर्षानुवर्षे चोरटा राहतो. सूर लागण्याआधी भीती जावी लागते, आणि ती घालवायची कुणी? ज्यांनी घातली त्यांनीच, म्हणजे आपण मोठ्यांनी.

गिजुभाईंनी पुष्कळ लेखन आईबापांसाठी केले ते याच कारणाने. दोन अडीचशे लहानमोठी पुस्तके लिहून, कामाने झिजून ते २३ जून १९३९ रोजी मुंबईस निवर्तले. वय अवघे त्रेपन्न. त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसरीबाई भारतात आल्या; दोघांची इथे भेट व्हायची राहूनच गेली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे म्हटले आहे. ही गोष्ट चांगलीच. परंतु तीन वर्षांच्या पोराच्या मुठीत पेन्सिल कोंबून त्याला अक्षरे गिरवायला लावणारी घरे अजून थोडी नाहीत. त्या मुलाला एखादे दिवशी कणकेचा गोळा द्यावा, डाळतांदळाचे दाणे वेगळे करू द्यावेत, तांब्यातले पाणी सांडू द्यावे, आणि रात्री दिवा मंद करून एक गोष्ट सांगावी. त्याला ना टेकडी लागते, ना वास्तू.