फुलदाणीत भाजीची पानं!

घरी पाहुणे यायचे असले की आपण फुलदाणी काढतो आणि पहिला प्रश्न पडतो, फुलं केवढ्याला पडतील? पण मैत्रिणींनो, सजावटीचा आणि पैशाचा फारसा संबंध नाही, हे एका इंग्रज बाईनं आयुष्यभर दाखवून दिलं. वाळकं गवत, रानातली फळं आणि चक्क भाजीची पानं तिनं लंडनच्या बड्या घरांत मानानं नेऊन ठेवली. तिचं नाव कॉन्स्टन्स स्प्राय.

कॉन्स्टन्सचा जन्म १८८६चा, इंग्लंडमधल्या डर्बी गावचा. वडील रेल्वेत कारकून. पुढे ते शिक्षण खात्यात चढत गेले आणि कुटुंब आयर्लंडला गेलं. तिथे कॉन्स्टन्स आरोग्यशास्त्र शिकली. क्षयरोगानं तेव्हा तिथे थैमान घातलं होतं. प्रथमोपचार, स्वच्छता, घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा अशा विषयांवर ही तरुण मुलगी बायकांपुढे व्याख्यानं द्यायची. फुलांचं वेड लहानपणापासूनचं, पण त्यातून पोट भरेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

१९१० मध्ये तिचं लग्न झालं, मुलगा झाला. पण संसार काही सुखाचा झाला नाही. १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, लहानग्याला घेऊन ती इंग्लंडला परतली. नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईकडे तेव्हाचा समाज काय नजरेनं बघत असेल, हे वेगळं सांगायला नको! पण रडत बसायला तिला सवड नव्हती. युद्धाच्या कामावर असलेल्या बायकांच्या देखरेखीची नोकरी तिनं धरली.

१९२१ मध्ये ती पूर्व लंडनच्या हॅकनी भागातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका झाली. ही शाळा कारखान्यांत राबणाऱ्या गरीब मुलींसाठी होती. स्वयंपाक आणि शिवणाबरोबर कॉन्स्टन्सनं त्यांना फुलं मांडायलाही शिकवलं. गरिबाच्या पोरींना ही थेरं कशाला, असं कुणालाही वाटेल. तिला मात्र नेमकं उलटं वाटायचं. जिच्या घरात सुंदर म्हणावं असं काही नाही, तिलाच याची खरी गरज. आणि त्या मुली महागडी फुलं आणणार कुठून? म्हणून मग रस्त्याकडेची फांदी, रानफुलं, घरातलंच एखादं भांडं... तिची पुढची सगळी कला याच विचारावर उभी राहिली.

१९२९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, लागलेली नोकरी सोडून तिनं लंडनमध्ये फुलांच्या सजावटीचं छोटंसं दुकान काढलं. सुरुवातीची कामं सिनेमागृहांची मिळाली. मग ओल्ड बाँड स्ट्रीटवरच्या अत्तराच्या एका नामांकित दुकानाची काच सजवायला मिळाली. तिथे तिनं कुंपणाकडेची रानफुलं मांडली आणि लंडनभर त्याचीच चर्चा झाली!

तिकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर हा पानगळीचा काळ. बागेतली फुलं सरत आलेली, पानं तांबूस, पिवळी होऊन गळू लागलेली. नेहमीच्या फुलवाल्याचे हे पडते दिवस, पण कॉन्स्टन्सचा खजिना तेव्हाच उघडायचा. रानगुलाबाची लालचुटुक फळं, काळ्या बेरींनी लगडलेल्या फांद्या, सुकलेली बोंडं, गवताचे तुरे, पांढऱ्या कापसासारख्या बीजांनी भरलेले रानवेल. सोबतीला भाजीच्या वाफ्यातलं केल. कोबीच्या कुळातली ही पालेभाजी. तिची जांभळट, चुणीदार पानं ती गुलाबांशेजारी खोवायची. बोंडं, तुरे एकदा नीट वाळवले की हिवाळाभर टिकतात. मग रोज ताजी फुलं कशाला हवीत?

भांड्यांचंही तसंच. पक्ष्याचा पिंजरा, सूपच्या भांड्याचं झाकण, केक भाजायचा ट्रे, तिला काहीही चालायचं. आत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी, चुरगाळून बसवलेली. जाळीच्या भोकांत देठ खोचले की हवे तसे उभे राहतात. काम झालं की जाळी धुवायची आणि पुन्हा वापरायची. खर्च जवळजवळ नाहीच!

१९३४ पर्यंत तिचं दुकान मेफेअरसारख्या श्रीमंत वस्तीत गेलं, हाताखाली सत्तरेक माणसं आली. त्याच वर्षी तिचं पहिलं पुस्तक निघालं. १९३७ मध्ये राजपद सोडलेल्या ड्यूक ऑफ विंडसरच्या फ्रान्समधल्या लग्नाची फुलं तिनंच मांडली. राजघराणं त्या लग्नावर नाराज होतं, तरी ती मागे हटली नाही. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहण सोहळ्याची फुलंही तिच्याकडेच आली. त्या दिवशी परदेशी पाहुण्यांसाठी झालेल्या जेवणातलं, करी पावडर घातलेलं थंड चिकनही तिच्या आणि तिची सहकारी रोझमेरी ह्यूम हिच्या नावानं ओळखलं जातं.

इतकं झालं तरी तिच्यातली मास्तरीण काही सुटली नाही. १९४६ मध्ये तिनं विंडसरजवळ विंकफिल्ड प्लेस इथे मुलींसाठी गृहविज्ञानाची शाळा काढली. तिथेच, ३ जानेवारी १९६० रोजी, जिन्यावरून पडून तिचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी एका नव्या गुलाबाला तिचं नाव मिळालं.

फुलं मांडणं ही काय कला झाली? हा वाद मात्र तिच्या पाठीमागेही राहिला. २००४ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमनं तिच्या कामाचं प्रदर्शन भरवलं आणि संस्थेत मतभेद पेटले. अध्यक्ष जेम्स डायसन यांनी राजीनामा दिला, त्यामागे हे प्रदर्शनही एक कारण होतं. बाईनं घरात केलेलं काम, मग त्याला कसली आलीय कला!

काळानं मात्र तिच्या बाजूनं कौल दिला. मधल्या वर्षांत फुलं खोचायला तो हिरवा फोम आला. तो एकदा वापरून फेकायचा, आणि त्याचा प्लॅस्टिकचा भुगा मातीत तसाच राहतो. म्हणून ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. आता पुन्हा तीच चुरगाळलेली जाळी हातात आलीय!

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी फुलदाणी रिकामी दिसली तर आधी पर्स उघडू नका. परसात एक चक्कर टाका. आणि भाजी निवडताना एखादं देखणं पान दिसलं, तर ते बाजूला काढून ठेवा!